मदत हवी आहे: बाद झालेलं डिझेल इंजिन घेऊन चालू ठेवायचं तर वर्षाला किती खर्च?

मंडळी, हसू नका, प्रश्न खरा आहे.

गोव्यात सावर्ड्याजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. पैसे मामेभावाचे, तो दुबईला. त्याच्या डोक्यात बसलंय की कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला रेल्वेचं जुनं अल्को इंजिन (मूळ अमेरिकी कंपनीचं), डब्ल्यूडीएम-2, आणायचं. नुसतं उभं करायचं नाही, दर रविवारी पाहुण्यांसमोर 200 मीटर पुढे-मागे न्यायचं. लहानपणी कुळ्याच्या फलाटावर बसून घाटात मागून रेटा देणारी इंजिनं बघायचो, तिथलं हे खूळ.

माझा हिशेब: वजन 113 टन. भंगाराचा भाव किलोला 30 रुपये धरला तर 34 लाख. जागेवर नुसतं चालू ठेवलेल्या इंजिनाला तासाला 20-25 लिटर डिझेल लागतं म्हणे. लिटरला 90 धरले तरी रविवारचा एक तास दोन हजारांत, म्हणजे वर्षाला लाखभर. हे फारच स्वस्त वाटतंय, म्हणूनच भीती वाटते. काय सुटतंय?

प्रतिसाद, जुना फिटर:
डिझेल बरोबर धरलंत, पण ते किरकोळ. रूळ कुठे आहेत हिशेबात? 200 मीटरला दोन्ही बाजूंचे मिळून 400 मीटर रूळ. मीटरला 52 किलोचा धरा, 21 टन लोखंड झालं. वर तीनशेवर स्लीपर आणि खडी. एकेका एक्सलवर 19 टन येतात; कुळागराच्या ओल्या जमिनीत भराव पक्का नसेल तर पहिल्याच पावसात बसेल. आणताना बोगी (खालचे चाकांचे सांगाडे) वेगळ्या ट्रेलरवर, बॉडी वेगळ्या, दोन्हीकडे मोठी क्रेन.

बॅटऱ्या आठ, प्रत्येकी आठ व्होल्टची. चार्जिंग चुकलं की रविवारी पाहुणे नुसतेच उभे. इंजिन ऑइल नऊशे-हजार लिटर, त्यात पाणी उतरलं की सगळं ओतून द्यायचं.

आणि धुराडं! त्यातून पावसाचं पाणी टर्बोमार्गे सिलिंडरात जातं. सोळांपैकी एकात जरी साचलं आणि तुम्ही बटण दाबलंत, तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा. म्हणून आधी टेस्ट कॉक (सिलिंडरच्या छोट्या तोट्या) उघडून इंजिन हाताने फिरवायचं. आमच्याकडे एकदा धुराड्यावर झाकण घालायचं राहिलं होतं, कॉकमधून पिचकारी उडाली ती समोरच्या पोराच्या तोंडावर. हे जाणणारी दोन माणसं बारमाही पगारावर हवीत. तुमचा खरा वार्षिक खर्च तो.

प्रतिसाद, वास्कोकर:
त्यापेक्षा चित्तरंजन कारखान्याचं शंटर (यार्डात डबे हलवणारं छोटं इंजिन) बघा, डब्ल्यूडीएस-4. साठेक टनांचं.

जुना फिटर:
वजन निम्मं, कबूल. सुटे भाग कुठून आणाल? अल्कोचे निदान भंगारात तरी सापडतात.

धागाकर्ता:
भावाला फोन केला. म्हणतो, "माणसं ठेव, झाकण मी पाठवतो." फिटरकाका, झाकण पत्र्याचं चालेल की माकडं उचलून नेतील?