अँटी सीसीपी पॉझिटिव्ह, पण सूज नाही?

ठाणेकर: आईला आमवात आहे म्हणून मीपण टेस्ट केली तर अँटी सीसीपी (आमवातासाठी रक्तात तपासतात त्या अँटीबॉडीज) हाय आलंय, सूज वगैरे काही नाही, फक्त सकाळी लोकलचा दांडा पकडताना बोटं आखडतात, म्हणजे आजार झालाच का?

वाशीवाला: नाही रे. या अँटीबॉडीज सांधे सुजायच्या कित्येक वर्षं आधी, कधीकधी १० वर्षं आधीही रक्तात दिसतात आणि सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. सिगारेट ओढतोस? धुराने फुफ्फुसातली प्रथिनं बदलतात, मग शरीर त्यांनाच परकं समजून या अँटीबॉडीज बनवतं.

ठाणेकर: नाक्यावर चहाबरोबर २, बस.

नेरूळची ताई: २ पण बंद कर! हिरड्यापण दाखव, त्यांच्या आजाराचाही संबंध आहे. आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच (आमवाताचा स्पेशालिस्ट) गाठ, आम्ही उगाच वर्षभर हाडांच्या डॉक्टरकडे फिरलो.