मदत हवी आहे : पुण्याच्या हँडिकॅप शर्यतींचा पूर्वअंदाज लिहिताना वजन, वर्ग आणि भिजलेला ट्रॅक यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार,

पुण्याच्या पावसाळी हंगामातील एका दिवसाच्या सर्व शर्यतींचा पूर्वअंदाज, प्रत्येक निवडीच्या कारणांसह, मराठीत लिहायचे मी ठरवले आहे. ओळखीतील काही रेसप्रेमी मंडळी तो वाचणार आहेत. घोड्यांची नावे आणि त्यांच्यापुढे पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे मराठीत वाचायला मिळतात. परंतु अमुक घोडा पहिला का आणि दुसरा का नाही, हे उलगडून सांगणारे लेखन माझ्या पाहण्यात फारसे येत नाही. पूर्वअंदाजाची सगळी किंमत माझ्या मते त्या कारणांमध्येच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. त्या कौशल्यातला प्रेक्षकाच्या वाट्याला येणारा भाग म्हणजे शर्यतीपूर्वीचा अभ्यास, आणि तो नीट करता यावा म्हणून येथील जाणकारांची मदत मागत आहे.

डर्बीसारख्या मानाच्या क्लासिक शर्यतींविषयी मला विचारायचे नाही. फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत नर घोड्यांना ५७ किलो आणि फिलींना (तरुण घोड्यांच्या माद्यांना) ५५.५ किलो असे ठरलेले वजन असते, त्यामुळे कोणाची क्षमता अधिक आणि कोणाला ते अंतर पेलेल, एवढेच प्रश्न उरतात. (१९४३ ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या फिलीने जिंकली होती आणि २०१० ची जॅकलिनने, म्हणून दीड किलोच्या त्या सवलतीकडे मी नेहमी आदराने पाहतो.) माझी अडचण आहे ती रोजच्या हँडिकॅप शर्यतींत. तेथे हँडिकॅपर हा अधिकारी प्रत्येक घोड्याला क्षमतेनुसार रेटिंग देतो, रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने त्याने वाहायचे वजन ठरते (रेटिंग जास्त तर वजन जास्त), आणि सर्व घोडे एकाच वेळी विजयरेषेवर यावेत हाच त्या मांडणीचा हेतू असतो. जी शर्यत कागदावर मुद्दाम बरोबरीत आणून ठेवली आहे, तिच्यात एका घोड्याची बाजू घ्यायची ती कशाच्या आधारावर?

एक काल्पनिक उदाहरण मांडतो. अ आणि ब हे घोडे १२०० मीटरच्या शर्यतीत धावले. अ ५२ किलो घेऊन जिंकला आणि ब ५६ किलो घेऊन तीन लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर) मागे दुसरा आला. एका लेंग्थची किंमत १००० मीटरला सुमारे दीड किलो, १६०० मीटरला एक किलोच्या जवळपास आणि २४०० मीटरला अर्धा ते पाऊण किलो धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १२०० मीटरला तीन लेंग्थ म्हणजे साधारण चार किलो होतात. पुढे हँडिकॅपरने अ चे रेटिंग सात गुणांनी वाढवले आणि ब चे एका गुणाने उतरवले, म्हणजे पूर्वीचा चार किलोंचा फरक पुसला गेला आणि आता दोघेही ५५.५ किलो घेऊन उभे आहेत. गणित पूर्ण झाले आणि उत्तर बरोबरी असे आले. हँडिकॅपरचे काम चोख झाले, पण पूर्वअंदाज लिहिणाऱ्याच्या हाती काहीच राहिले नाही. अशा वेळी आपण पुढचा निकष कोणता लावता?

दुसरी अडचण वर्गाची आहे. तिसऱ्या वर्गात ४० ते ६६ आणि चौथ्या वर्गात २० ते ४६ रेटिंगचे घोडे धावतात, म्हणजे ४० ते ४६ या पट्ट्यातील घोडा दोन्हीकडे बसतो. वरचे वजन, म्हणजे वर्गातील सर्वोच्च रेटिंगच्या घोड्याचे वजन, ६२ किलो धरले, तर ४६ रेटिंगचा घोडा तिसऱ्या वर्गात ५२ किलो घेऊन धावतो आणि चौथ्या वर्गात ६२ किलो घेऊन. कागदाच्या दृष्टीने दोन्हीकडे त्याची संधी सारखीच असायला हवी, कारण प्रतिस्पर्ध्यांची वजनेही त्याच प्रमाणात सरकतात. तरीही वर्ग उतरलेला घोडा म्हटला की स्टँडमधली मंडळी त्याच्यावर तुटून पडतात आणि बुकींकडचा त्याचा भाव लगेच खाली येतो. हा विश्वास कितपत खरा मानावा?

तिसरी अडचण पावसाळ्यात अधिकच वाढते. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत होतो आणि पुण्याचा जुलैपासून सुरू होतो. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या काही दिवसांत हाताशी असलेला फॉर्म (आधीच्या शर्यतींतली कामगिरी) कोरड्या ट्रॅकवरचा, शिवाय अनेक महिने जुना असतो, आणि धावायचे असते भिजलेल्या जमिनीवर. रेस क्लबकडून पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमीन किती मऊ आहे हे मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा मिळतो, फॉल्स रेल (ट्रॅकच्या आतल्या बाजूचे तात्पुरते कुंपण) लावली आहे की नाही हेही कळते. पण मऊ जमीन कोणत्या घोड्याला मानवेल हे तो पूर्वी तशा जमिनीवर धावलेला नसेल तर कसे ताडायचे? सकाळच्या ट्रॅकवर्कचे (सरावाच्या धावांचे) आकडे वाचूनही गोंधळ कमी होत नाही. ६०० मीटर ३८ सेकंदांत मोकळेपणाने धावला आणि ६०० मीटर ४० सेकंदांत आरामात धावला, या दोन नोंदींपैकी दुसरी कधी कधी अधिक आशादायक असते, असे अनुभवी लोक सांगतात. ते कशावरून ओळखावे?

आपण निकाल सांगावा अशी अपेक्षा नाही. विचार कोणत्या क्रमाने करता, तेवढे कळले तरी मोठी मदत होईल.

प्रतिसाद

नमस्कार. आपले वजनाचे गणित योग्य आहे, पण ते जेथे संपते तेथे अभ्यास सुरू होतो, असे मी मानतो. तीन लेंग्थ हा आकडा घेण्याआधी त्या शर्यतीची चित्रफीत पाहावी. अ ला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जॉकीने चाबूक न दाखवता, हात सैल सोडून आणले असेल, तर खरे अंतर तीनपेक्षा अधिक होते आणि हँडिकॅपरचे सात गुण त्याला पुरे पडलेले नाहीत. उलट ब वळणावर इतरांच्या मागे अडकला असेल आणि वाट मिळाल्यावर वेगाने आला असेल, तर त्याचा पराभव दिसतो तेवढा मोठा नाही. शर्यतींवर देखरेख करणाऱ्या स्ट्युअर्ड्सच्या अहवालात अशा अडथळ्यांच्या नोंदी असतात आणि त्या फार कमी लोक वाचतात. वेगाची चालही पाहावी. सुरुवातीपासून पुढे राहणारा घोडा त्या दिवशी एकटाच असेल, तर त्याला मनाजोगती संथ चाल मिळते. पुढच्या शर्यतीत तशाच सवयीचे तीन घोडे असतील, तर तोच घोडा शेवटी थकतो. बरोबरीची कोंडी मी बहुतेक वेळा याच निकषावर फोडतो.

वर्ग उतरण्याबाबत लोकांचा विश्वास मला अर्धाच पटतो. रेटिंग का उतरले, हा खरा प्रश्न आहे. न मानवणाऱ्या अंतरावर धावल्यामुळे ते उतरले असेल आणि आता घोडा त्याच्या आवडत्या १४०० मीटरवर परत आला असेल, तर ती संधी मोठी आहे. आपल्याच अंतरावर, चांगल्या जॉकीसह, सलग मागे पडत उतरला असेल, तर तो वय किंवा पाय यांमुळे मंदावला आहे आणि खालच्या वर्गातही त्याचा भरवसा धरू नये. ६२ किलोंबद्दल माझे मत असे की भिजलेल्या जमिनीवर आणि लांब अंतरावर वरचे वजन कागदापेक्षा जड पडते, विशेषतः लहान बांध्याच्या घोड्याला. अशा वेळी ट्रेनरने वजनात सवलत मिळणारा शिकाऊ जॉकी बसवला असेल, तर तो बदल हेतूने केलेला असतो.

ट्रॅकवर्क वाचताना सेकंदांआधी स्वार पहा. नोंदीत रायडिंग बॉय (फक्त सरावात बसणारा स्वार) आहे की शर्यतीत बसणारा जॉकी स्वतः, हे दिलेले असते. ३८ सेकंदांत दामटून आणलेल्या घोड्यापेक्षा ४० सेकंदांत लगाम धरून, दुसऱ्या चांगल्या घोड्याच्या बरोबरीने आलेला घोडा मला अधिक तयार वाटतो. हंगामाच्या सुरुवातीला मॉक रेसच्या (सरावाच्या शर्यतींच्या) नोंदी याहून उपयोगी पडतात. जमिनीबाबत सांगायचे तर नवख्या घोड्याच्या बाबतीत त्याच्या पित्याची इतर अपत्ये पावसाळी पुण्यात कशी धावली, हे जुन्या निकालांत शोधावे. त्याहून विश्वासार्ह मार्ग मला सापडलेला नाही. आणि दिवसाच्या पहिल्या दोन शर्यती नीट पाहाव्यात. आतली बाजू तुडवली गेली असेल, तर जॉकी आपोआप घोडे बाहेरून आणू लागतात, आणि मग आतला ड्रॉ (सुरुवातीला मिळालेली आतली जागा) ही सोय न राहता अडचण ठरते.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण इतक्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वजनाच्या हिशेबानंतर काय, हा प्रश्न मी विचारला होता. शर्यत कशी धावली जाईल याचे चित्र आधी उभे करायचे आणि वजन त्या चित्रात ठेवून पाहायचे, हा आपला क्रम मला पटला. त्यानुसार प्रत्येक शर्यतीसाठी आधी पुढे राहणारे घोडे वेगळे काढीन, मग त्यांतील कोणाला एकट्याने पुढे जाऊ दिले जाईल ते पाहीन, आणि रेटिंग उतरलेल्या घोड्यांच्या शेवटच्या काही शर्यतींचे अंतर तपासून उतरण्याचे कारण निवडीसोबत लिहीन. पूर्वअंदाज आदल्या दिवशी लिहायचा असल्यामुळे ट्रॅकबाबतची निवड दुहेरी ठेवावी लागेल : रात्रीत पाऊस थांबला तर अमुक, चालू राहिला तर तमुक. काही वाचकांना हे कच्चे वाटेल. पण मऊ जमिनीवर एकदाही न धावलेल्या घोड्याला बिनशर्त पहिला क्रमांक देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

एक शंका मात्र शिल्लक आहे. दिवसाच्या शर्यतींत एखादी मेडन शर्यत (एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची) असते आणि तिच्यातील निम्मे घोडे पहिल्यांदाच धावत असतात. त्यांच्याबाबत रेटिंग नाही, चित्रफीत नाही, फॉर्म नाही. असतात ती वंशावळ, ट्रेनरचे नाव, मॉक रेसची एखादी नोंद आणि नाल पोलादी आहे की ॲल्युमिनियमची एवढी माहिती. अशा शर्यतीत आपण एकदा धावून तिसऱ्या आलेल्या घोड्याला प्राधान्य देता की उत्तम तयारी असलेल्या नवख्याला? पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात) घोडा पाहिल्याशिवाय या शर्यतीवर लिहूच नये, असे आपले मत असेल तर तेही सांगावे. मग त्या शर्यतीपुढे नाव न देता तेवढीच जागा मी कारणासह मोकळी ठेवीन.