आईच्या फोटोंचं पुस्तक: आधी छापू की आधी स्पर्धेला पाठवू?

प्रेषक: अमेय, माल्मो

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वेळी तुमच्यापैकी काहींनी माझ्या लॅपटॉपवर आईचे फोटो पाहिले होते. त्याच बाबतीत सल्ला हवा आहे.

आई गेली चार वर्षं नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे स्वीडनला येते. आमच्या मुलीच्या, ईराच्या, जन्मापासून ती नोव्हेंबर ते जानेवारी हेच महिने निवडते, म्हणजे नेमके अंधाराचे. मी तिचे फोटो काढत गेलो. खिडकीपाशी, तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत आमच्या पाळीची वाट बघताना, दुपारी साडेतीनला दिवे लावताना. तीन हजारांवर फोटो झाले, त्यातले 140 निवडलेत.

इथल्या एका प्रकाशनसंस्थेला ते आवडले. 500 प्रती काढायच्या आणि खर्चापैकी 1,60,000 क्रोना मी भरायचे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. महिनाअखेरपर्यंत करारावर सही हवी म्हणतात. पुस्तक निघालं की पुरस्कारांसाठी पाठवू, असंही म्हणाले. एवढी रक्कम आम्ही घरासाठी बाजूला ठेवली होती. कुणाला या क्षेत्राची माहिती असेल तर कृपया लिहा.

अमेय

---

प्रेषक: वैशाली, गोथेनबर्ग

अमेय, सही करू नकोस. निदान या महिन्यात तरी नको.

त्यांनी पैसे मागितले म्हणजे फसवणूकच आहे, असं मी म्हणत नाही. फोटोबुकांच्या धंद्यात छायाचित्रकारानं खर्चातला वाटा उचलणं सगळीकडे चालतं. लोक तो अनुदानातून, प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेकडून किंवा आगाऊ नोंदणीतून उभा करतात. पण तुझ्याकडे आज पुस्तक नाही. तुझ्याकडे 140 फोटो आहेत. या दोन गोष्टींमध्ये निदान वर्षभराचं काम असतं, आणि ते काम छापखान्यात होत नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. स्वीडिश छायाचित्रकारांच्या संघटनेचा जो पुरस्कार आहे, स्वेन्स्का फोटोबूक्सप्रीसेत, तो छापून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला मिळतो. पण नॉर्डिक देशांत न छापलेल्या पुस्तकांच्याही, म्हणजे हातानं केलेल्या डमींच्या, स्पर्धा आहेत. ऑस्लोच्या फोटोगॅलरिएट या कलादालनानं 2012 साली नॉर्डिक डमी अवॉर्ड सुरू केलं. तुझ्या घराजवळ लँड्सक्रोनाचा फोटो महोत्सव आणि माल्मोचंच ब्रेडफील्ड हे फोटोबुकांचं प्रकाशन मिळून डमीची स्पर्धा घेत आले आहेत. तिथे हातानं बनवलेली एकच प्रत पाठवायची असते, आणि निवड झाली तर पुस्तक छापलं जाण्याची वाट उघडते. आज 500 प्रती छापल्यास की हे दार बंद. म्हणून आधी डमी. (नियम आणि तारखा त्या त्या वर्षाच्या बघ, त्या बदलतात.)

डमी म्हणजे काय हे मला आमच्या घरातच कळलं. माझे वडील पुण्याच्या अप्पा बळवंत चौकामागे बाइंडिंगचं काम करायचे. कोणतंही पुस्तक हातात आलं की आधी कोरे कागद घडी घालून, फर्मे (घडीच्या पानांचे गठ्ठे) जुळवून, दोऱ्यानं शिवून ते एक रिकामं पुस्तक करायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. वजन बघा, उघडतं कसं बघा, मग बोला. फोटोबुकात तर हेच सर्वस्व आहे. पान उलटताना एक फोटो जातो आणि दुसरा येतो, तो क्षण पडद्यावर दिसत नाही. खिडकीतली आई डाव्या पानावर आणि समोर कोरं पान, की समोर ईरा? मधल्या शिवणीत फोटोचा कोणता भाग गिळला जातो? हे कागदावर करून बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, पन्नास वर्षं काम केलेल्यालाही नाही.

छायाचित्रणाचा 2022 चा हॅसेलब्लाड पुरस्कार दिल्लीच्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांना मिळाला. 20 लाख क्रोनांचा हा पुरस्कार, आणि तो दक्षिण आशियातल्या कलावंताला पहिल्यांदाच मिळत होता. त्या वर्षी इथल्या हॅसेलब्लाड सेंटरमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं, मी तीनदा गेले. त्यांची सुरुवात कुठून झाली बघ. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकत असताना त्यांनी तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावर एक पुस्तक केलं, ते 1986 साली निघालं. त्याची मूळ हस्तनिर्मित डमी, हातानं लिहिलेल्या मजकुरासकट, जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनानं 2019 मध्ये हुबेहूब छापली. म्हणजे तेहतीस वर्षांनी डमीच पुस्तक म्हणून आली. 2008 मध्ये त्यांनी सात छोट्या घडीच्या पुस्तिका एका कापडी पेटीत घातल्या, त्यातली एक मुंबईची आहे. पुढे तीस सुट्या चित्रपत्रांची एक लाकडी पेटी केली आणि तिला नाव दिलं ‘पोथी बॉक्स’. हे नाव वाचलं तेव्हा मला आजीची पोथी आठवली. सुटी पानं, वर लाल फडकं, आणि वाचताना एकेक पान उचलून पलीकडे ठेवायचं. तुझं पुस्तक शिवलेलंच असलं पाहिजे असं नाही, एवढंच सांगायचं आहे.

आता काम. 140 फोटो जास्त आहेत. साध्या प्रिंटरवर छोटे छापून घे आणि जमिनीवर पसर. पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत धर, सहा फर्मे म्हणजे 96 पृष्ठं. त्यात साठ फोटोही पुष्कळ होतील. कागद कोटिंग नसलेला घेणार असशील तर आधी नमुना छापून बघ, कारण तुझे फोटो अंधाराचे आहेत आणि असा कागद शाई पितो. आईची निळी शाल आणि मागची काळी खिडकी एक होऊन जाईल. एक डमी झाली की ती तुला न ओळखणाऱ्या तीन माणसांच्या हातात दे आणि गप्प बस. कुठे थांबतात, कुठे दोन पानं एकदम उलटतात, ते टिपून ठेव.

मी 25 वर्षं छपाईपूर्व कामात आहे. घाईनं काढलेली पुस्तकं तळघरात खोक्यांमध्ये पडलेली मी पाहिली आहेत, आणि ती काढणाऱ्यांचे चेहरेही. तुझे फोटो चांगले आहेत म्हणूनच एवढं लांबलचक लिहिलं.

वैशालीताई

---

प्रेषक: श्रीकांत, आरहूस

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

वैशालीचं म्हणणं सोळा आणे खरं. मी डेन्मार्ककडची थोडी भर घालतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या गावच्या फोटोबुक सप्ताहाला नियमानं जातो. 2014 पासून तो भरतो. तिथे टेबलांवर पुस्तकं मांडलेली असतात आणि पलीकडे बहुधा ते पुस्तक केलेला माणूसच उभा असतो. हवं ते विचारावं, मनापासून सांगतात. एकदा इकडे ये, माझ्याकडे उतर.

एका माणसावर पुस्तक होऊ शकतं का, ही शंका तुझ्या मनात असेल तर क्रास क्लेमंट या डॅनिश छायाचित्रकाराचं ‘ड्रम’ बघ. आयर्लंडमधल्या ड्रम नावाच्या गावातला एक पब, एकच संध्याकाळ, फिल्मचे साडेतीन रोल. 1996 साली पुस्तक निघालं. एका टेबलाशी एकटा बसलेला एक म्हातारा त्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी आपल्याला तो थोडा अधिक कळतो. तुझ्याकडे तर चार हिवाळे आहेत.

आणखी एक. आरहूसच्या दक्षिणेला ऑडरजवळ ग्युलिंग नावाचं खेडं आहे. तिथे ‘नारायण प्रेस’ नावाचा छापखाना निघाला! स्वामी नारायणानंदांच्या डॅनिश शिष्यांनी आश्रमाबरोबर उभा केलेला. उत्तम कलापुस्तकं आणि फोटोबुकं छापण्याबद्दल त्याचं नाव झालं. एका डॅनिश पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. हल्ली पुष्कळ जण लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनियात छापून घेतात, ते स्वस्त पडतं आणि कामही चोख असतं. पण छापताना यंत्राशेजारी स्वतः उभा राहा, मग छापखाना कुठलाही असो.

विक्रीवरच्या करांचंही लक्षात ठेव. स्वीडनमध्ये पुस्तकावर 6 टक्के, नॉर्वेत छापील पुस्तकावर शून्य आणि आमच्याकडे 2025 मध्ये 25 होता. इथल्या सरकारनं 2025 मध्ये तो काढून टाकण्याचा प्रस्ताव जाहीर केला, पण पुलाच्या अलीकडे, म्हणजे डेन्मार्कात, पुस्तकं विकायची असतील तर किंमत ठरवतानाच हे धरावं लागतं.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: अमेय, माल्मो

वैशालीताई, काका, मनापासून आभार. प्रकाशकांना कळवलं की आत्ता सही करत नाही. ते थोडे नाराज झाले.

एकच शंका. मी स्वतःच प्रकाशक झालो तर? लहान आवृत्ती, दोनशे प्रती.

अमेय

---

प्रेषक: वैशाली, गोथेनबर्ग

जरूर हो. नॉर्वेचा छायाचित्रकार मॉर्टन अँडरसन 1999 पासून आपली पुस्तकं स्वतः काढत आला आहे, आणि आज त्या पुस्तकांना मोठा मान आहे.

स्वीडनमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो. मात्र सात प्रती कायद्यानं जमा कराव्या लागतात, एक स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि बाकी सहा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत. स्वीडनमध्ये छापलंस तर ते छापखान्याचं काम, बाहेर छापलंस तर तुझं. दोनशेतल्या सात कमी झाल्या असं मानू नकोस. तुझ्या आईचं पुस्तक लुंड आणि उप्सालाच्या ग्रंथालयांत जाईल. तुझी ईरा मोठी होऊन ते मागवून घेऊ शकेल.

डमी आईला दाखवलीस का? स्पर्धेच्या आधी तिची परवानगी हवी. नुसती ‘हो’ नव्हे, सगळी पानं बघून दिलेली.

वैशालीताई

---

प्रेषक: अमेय, माल्मो

ताई,

उत्तराला तीन आठवडे लागले, कारण डमी शिवायला दोन रविवार गेले. पहिली वाकडी झाली, दुसरी बरी आहे.

काल व्हिडिओवर आईला एकेक पान उलटून दाखवलं. तिनं चष्मा लावला, वही घेतली आणि चक्क नोंदी केल्या. तळघरातला फोटो मी बर्फाच्या आधी ठेवला होता. ती म्हणाली, “चुकलंय. त्या दिवशी पहिला बर्फ पडून गेला होता, म्हणून तर माझे मोजे ओले आहेत बघ.” मी चार वर्षं तो फोटो बघतोय, मोजे मला दिसले नव्हते. मग विमानतळावरचे निरोपाचे सगळे फोटो तिनं काढायला लावले. म्हणाली, “मी दर वेळी परत आलेय ना? मग निरोप कशाला छापतोस?”

ते काढल्यावर सोळा पृष्ठं कमी झाली. आता सहाऐवजी पाच फर्मे. शेवटच्या पानावर कुकरच्या वाफेनं धुरकटलेली खिडकी आली आहे, आणि ती जागा तिनंच निवडली.

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं गोथेनबर्गला येतोय. तुम्ही घरी असाल का? कागदाचे तीन नमुने आणि निळ्या शालीचा फोटो सोबत आणतो.

अमेय