टँकरचे बिल क्षेत्रफळावर की वापरावर?

तिसरा_मजला (धागाकर्ता)

आमची पुण्यातली इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट आहे, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली घोषणापत्र नोंदवून झालेली. चाळीस सदनिकांपैकी वीस सहाशे चौरस फुटांच्या आणि वीस हजार चौरस फुटांच्या आहेत. घोषणापत्रात सामाईक जागांतला प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा याच प्रमाणात लिहिलेला असल्यामुळे सगळे सामाईक खर्च त्याच टक्केवारीने वाटले जातात. गेल्या मे महिन्यात टँकरचे बिल ६४,००० रुपये आले. लहान सदनिकेला १,२०० आणि मोठ्या सदनिकेला २,००० रुपये अशी वाटणी झाली.

आमची सदनिका मोठी आहे आणि तीत आम्ही दोघेच निवृत्त माणसे राहतो. खालच्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये पाच नोकरदार मुले भाड्याने राहतात. रंगकाम, लिफ्ट, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, सुरक्षारक्षक या खर्चांत हिश्श्याप्रमाणे जास्त भरायला माझी काहीच हरकत नाही, कारण इमारतीचा तेवढा जास्त भाग माझ्या मालकीचा आहे. पाणी मात्र मालकी हक्काने संपत नाही, ते वापराने संपते. जी वस्तू रोज लिटरवर विकत घेतली जाते तिचे पैसे चौरस फुटांवर वसूल करणे मला तर्काला सोडून वाटते. प्रत्येक सदनिकेला पाण्याचे मीटर बसवावेत आणि निदान टँकरचा खर्च तरी वापराप्रमाणे वाटावा, असे माझे मत आहे. यात माझा स्वार्थ आहे हे मान्य करूनच लिहितो आहे.

माजी_खजिनदार

आपला मुद्दा भावनेला पटणारा असला तरी कायद्यात बसवणे अवघड आहे. १९७० च्या कायद्याचे कलम १० सांगते की सामाईक नफा आणि सामाईक खर्च हे दोन्ही अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनेच वाटायचे, आणि कलम ६ प्रमाणे ही टक्केवारी सर्वच्या सर्व सदनिकाधारकांच्या संमतीने दुरुस्त घोषणापत्र नोंदवल्याखेरीज बदलता येत नाही. सर्वसाधारण सभेत हात वर करून बदलण्याची ही गोष्ट नव्हे. २०२५ साली पुण्यातल्याच एका अपार्टमेंटच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मोठ्या सदनिकेने जास्त मेंटेनन्स भरावा हेच उचलून धरले.

गोंधळ होतो तो सोसायटीच्या नियमांमुळे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सभासदांत समान वाटले जाते, लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्वांनी वापर असो वा नसो सारखाच उचलायचा असतो, आणि क्षेत्रफळावर मेंटेनन्स आकारणे २००३ साली व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात न्यायालयाने अमान्य केले होते. आमच्या सभेत दरवर्षी कोणीतरी तो निकाल छापून आणतो आणि दरवर्षी मला समजावून सांगावे लागते की आपण त्या घरचे नव्हे. गंमत म्हणजे त्या उपविधींमध्येही पाणीपट्टी समान वाटलेली नाही. ती प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर ठरते.

वनबीएचके_मालक

धागाकर्त्यांनी पाच मुलांचे उदाहरण निवडले, कारण ते सोयीचे आहे. माझ्या वन बीएचकेमध्ये आम्ही तिघे राहतो, एक न्हाणीघर आहे आणि सकाळी नऊनंतर घराला कुलूप असते. माझ्या वरच्या मोठ्या सदनिकेत तीन न्हाणीघरे आहेत, जोडगच्चीवर पन्नास कुंड्या आहेत आणि रविवारी दोन मोटारी पाइपने धुतल्या जातात. मी अशा घरांचे उदाहरण देऊन सगळ्या मोठ्या सदनिकांवर पाण्याच्या उधळपट्टीचा शिक्का मारू का?

आपण आज दोघे आहात. मे महिन्यात मुले आणि नातवंडे महिनाभर राहायला आली, तर त्या महिन्यापुरते आपण जास्त पैसे देण्याचे स्वतःहून कळवाल, यावर माझा विश्वास आहे. पण चाळीस घरांची अशी हजेरी कोणी घ्यायची? भाडेकरू ठेवले की माणसे मोजायची आणि मालक राहत असला की मोजायची नाहीत, हा प्रकार मी एका दुसऱ्या इमारतीत स्वतः भाडेकरू असताना सोसला आहे. टक्केवारीचा हिशेब रुक्ष आहे, पण त्यासाठी कोणाच्या दारात जाऊन पाहुणे मोजावे लागत नाहीत.

नळजोडणी_अभियंता

कायद्याचे मला फारसे कळत नाही, मीटरचे कळते. आपल्याकडच्या इमारतींत सदनिकेला पाणी एका जागेवरून येत नाही. स्वयंपाकघराची उभी लाइन वेगळ्या शाफ्टमधून, प्रत्येक न्हाणीघराची वेगळ्या शाफ्टमधून, आणि फ्लशला प्रक्रिया केलेले पाणी असेल तर त्याची आणखी वेगळी. एका घराचे पाणी मोजायचे तर तीन-चार मीटर लागतात. शिवाय चाळीस घरांच्या मीटरांची बेरीज आणि टँकरच्या पावत्यांची बेरीज कधीही जुळत नाही. टाकी ओसंडते, जमिनीखालच्या टाकीला बारीक तडा असतो, बाग आणि जिने धुतले जातात, फ्लशची टाकी रात्रभर ठिबकते आणि तो प्रवाह इतका मंद असतो की साधे मीटर त्याची दखलच घेत नाही. हा फरक कोणाच्या नावावर टाकायचा ते आधी ठरवावे लागेल, नाहीतर आजच्या एका भांडणाची उद्या दोन होतील.

असे असूनही मी मीटरच्या बाजूने आहे. मी काम केलेल्या इमारतींत मीटर बसल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच ठिबकणारे नळ दुरुस्त करून घेण्यासाठी लोकांचे फोन सुरू झाले. टक्केवारीवर बिल येत असताना गळका नळ दुरुस्त करण्याचा फायदा चाळीस जणांत वाटला जातो, म्हणून कोणीच प्लंबरला बोलावत नाही.

तिसरा_मजला (धागाकर्ता)

वनबीएचके_मालक यांचा राग रास्त आहे. माणसे मोजण्याची पद्धत मलाही नको आहे, आणि भाडेकरूंचा उल्लेख मी केला नसता तर बरे झाले असते. परंतु त्यांचाच युक्तिवाद मीटरच्या बाजूला जातो, कारण मीटर पाहुणेही मोजत नाही आणि भाडेकरूही मोजत नाही.

खजिनदारसाहेबांना एक प्रश्न आहे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे सामाईक खर्चात सामाईक जागांची देखभाल-दुरुस्ती येते, तसेच सदनिकाधारकांच्या संघाने सामाईक म्हणून मान्य केलेले खर्चही येतात. टाकी, पंप आणि त्यांची वीज पहिल्या प्रकारात मोडतात हे उघड आहे. पण माझ्या घरातल्या नळातून माझ्या बादलीत पडलेले पाणी ही सामाईक जागा कशी? टँकरचे पाणी संघाने सोयीसाठी सामाईक खर्चात धरले असेल, तर ते त्यातून बाहेर काढण्यासाठी घोषणापत्रातली टक्केवारी बदलावी लागत नाही.

माजी_खजिनदार

हा मुद्दा मी आजवर कोणाकडून ऐकला नव्हता आणि तो पूर्ण फेटाळता येईल असे मला वाटत नाही. तरीही घोषणापत्र आणि उपविधी यांत पाणीपुरवठ्याचा खर्च सामाईक म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे का, हे आधी पाहावे लागेल. लिहिलेला असेल तर वाट बंद आहे. नसेल तर वकिलाचे लेखी मत घेऊन सभेपुढे विषय ठेवता येईल. तोपर्यंत आपण आकारणीचे पूर्ण पैसे भरत राहावेत, कारण सामाईक सुविधा वापरत नाही असे सांगून वर्गणी टाळण्याची मुभा हा कायदा कोणालाच देत नाही.

वनबीएचके_मालक

आता माझा शेवटचा प्रश्न. वीस लहान घरांचे प्रत्येकी तीन आणि वीस मोठ्या घरांचे प्रत्येकी चार धरले तर १४० मीटर होतात. बसवणावळीसह नगाला २,८०० रुपये धरले तरी एकूण ३,९२,००० रुपये. हा खर्च कोण देणार? माझी तर मागणी नाही.

तिसरा_मजला (धागाकर्ता)

मीटर सामाईक शाफ्टमधल्या लाइनवर बसणार असल्याने तो खर्च सामाईकच आहे, म्हणजे हिश्श्याच्या टक्केवारीनेच वाटला जाईल: आपल्याकडे ७,३५० आणि माझ्याकडे १२,२५०. होय, इथे क्षेत्रफळाचा नियम मला मान्य आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी मी सचिवांना आज पत्र दिले आहे आणि अभियंत्यांनी सांगितलेला बेरजेतला फरक टक्केवारीने वाटावा, असे त्यात लिहिले आहे.