मदत हवी आहे : बेलफास्टमधलं मत आणि मुलीची शाळा

नमस्कार मंडळी. आम्ही उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला राहतो. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून इथे मत देता येतं, आणि मला ते समजून-उमजून द्यायचं आहे. सध्या अलायन्स पक्षाबद्दल वाचते आहे.

१९७० साली स्थापन झालेला हा पक्ष उत्तर आयर्लंडने ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, यावर बाजू घेत नाही. १९९८च्या शांतता करारानुसार (गुड फ्रायडे करार) तो निर्णय सार्वमतानेच होणार, हे कळतं. पण उद्या सार्वमत लागलंच, तर हे लोक काय करणार? कोणी त्यांच्या उमेदवाराला दारात विचारलं आहे का?

दुसरं, सत्तावाटप, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पक्षांनी मिळून सरकार चालवणं. विधानसभेत ९० आमदार, प्रत्येकाने युनियनवादी (ब्रिटनसोबत राहू म्हणणारे), राष्ट्रवादी (आयर्लंडमध्ये जाऊ म्हणणारे) किंवा 'इतर' अशी नोंद करायची. दोन्ही समाजांची संमती लागते तिथे 'इतरां'चं मत हलकं पडतं. २०२२मध्ये अलायन्सचे १७ जण निवडून आले, तरी हेच. शिवाय एका मोठ्या पक्षाने अंग काढलं की सरकारच बंद, २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४. त्याऐवजी विशेष बहुमत (निम्म्याहून बऱ्याच जास्त मतांची अट) ठेवा, असं अलायन्स म्हणतो. त्यात अल्पसंख्य बाजूचं संरक्षण कसं राहील, कोणी समजावेल का?

आणि खरी कळकळ शाळेची. लेक चार वर्षांची होईल. कॅथलिक-प्रोटेस्टंट मुलं एकत्र शिकणाऱ्या एकात्मिक शाळांचा २०२२चा कायदा अलायन्सच्याच आमदाराने आणला. अशा शाळेत कोणाची मुलं आहेत? प्रवेश मिळायला किती जड गेलं? हिंदू घरातलं मूल तिथे रुळतं का? कृपया अनुभव सांगा.