साखर न घालता संत्र्याचं सॉर्बे: दर वेळी दगडच होतोय

पुणेरी_लेक

नमस्कार मंडळी, जरा तातडीनं मदत हवीय. माझे बाबा 68 वर्षांचे, अकरा वर्षांपासून डायबेटिस आहे, लहानपण सगळं काटोलकडचं त्यामुळे संत्री म्हणजे जीव की प्राण, आणि आइस्क्रीम तर त्यांनी शुगर कळली त्या दिवसापासून बंद केलंय. रविवारी वाढदिवस आहे म्हणून म्हटलं त्यांना खाता येईल असं काहीतरी थंडगार संत्र्याचं करावं. आठ संत्र्यांचा रस काढला, साधारण 600 मिली झाला, गाळला, स्टीव्हियाचे थेंब टाकले आणि स्टीलच्या डब्यात रात्रभर फ्रीझरला ठेवला. सकाळी अक्षरशः दगड, चमचासुद्धा रुतेना. दुसऱ्यांदा केलं तेव्हा वीस मिनिटं बाहेर ठेवलं तर कडेनं पाणी सुटलं आणि मधे बर्फ तसाच, वर पहिले दोन चमचे गोड लागले आणि नंतर नुसता पांढरा बेचव बर्फ. शिवाय दोन्ही वेळा कडवट चव आली, ताज्या रसाला ती अजिबात नव्हती. आइस्क्रीमचं मशीन नाहीये, मिक्सर आहे. काय चुकतंय?

ठाण्याची_सुगरण

ताई, चूक रेसिपीत नाही, साखर काढली तिथे आहे. सॉर्बेत साखर गोडीसाठी असतेच पण तिचं मोठं काम म्हणजे पाण्याला पूर्ण गोठू न देणं. पाण्यात काहीही विरघळलं की ते शून्याच्याही खाली गोठतं, म्हणून घरच्या फ्रीझरला उणे 18 असलं तरी नेहमीच्या सॉर्बेत थोडं पाणी पाकासारखं पातळच राहतं आणि चमचा आत जातो. त्यात सगळी मिळून साखर 25 ते 30 टक्के असते, नुसत्या संत्र्याच्या रसात असते 8-10 टक्के. स्टीव्हिया साखरेपेक्षा दोनशे-तीनशे पट गोड, म्हणून आपण थेंबात टाकतो, आणि थेंबभर वस्तूनं पाण्याचं गोठणं काय थांबणार. वरचे चमचे गोड लागले त्याचंही कारण तेच, आधी पाणी गोठतं आणि गोडी उरलेल्या रसात गोळा होते, मग वितळताना तो गोड रस पहिला सुटतो. पेप्सीकोला चोखताना रंग आधी निघून जायचा आणि हातात पांढरा बर्फ उरायचा, तसंच.

मी एरिथ्रिटॉल वापरते, साखरेऐवजी मिळणारी गोड पावडर. त्याचा रेणू साखरेच्या रेणूच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये साखरेच्या जवळजवळ तिप्पट काम करतो. 600 मिली रसाला 60 ग्रॅम घे, वाटीभर रस कोमट करून त्यात विरघळव, मग बाकीच्यात मिसळ. पाव चमचा ग्वार गम (गवारीच्या बियांची, घट्टपणा आणणारी पूड) मिक्सरमध्ये फिरवून घातलास तर अंगही येतं. गोडी कमी वाटली तर वरून स्टीव्हिया, आणि बाहेर चाखताना थोडं जास्तच गोड लागायला हवं कारण गार झालं की जिभेला गोडी कमी कळते. दोन दिवसांत संपव, नंतर एरिथ्रिटॉलचे कण सुटून रवाळ लागतं. माल्टिटॉल मात्र नको, शुगर-फ्री मिठायांमध्ये असतं ते, त्यानं थोडीफार शुगर वाढते आणि जास्त झालं तर पोटही बिघडतं.

वऱ्हाडी_माणूस

कडूपणाचं मी सांगतो, आमच्या घरी संत्र्याचा बगीचाच आहे. मोसंबीचा रस तासभर ठेवला की कडू होतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे नं, नागपुरी संत्र्याचंही तेच. फळात तो कडू पदार्थ तयार नसतो, रस काढला की आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन तयार होतं आणि मग कडवटपणा चढत जातो. तुम्ही तर रात्रभर ठेवला. त्यात बिया मिक्सरमधून फिरल्या किंवा गाळणीवर चोथा दाबून पिळला तर अजूनच कडू. साखर असती तर तिनं झाकलं असतं, बिनसाखरेचं केलं की लपायला जागाच नाही.

म्हणून फोडी सोला, वरचा पापुद्रा, पांढरे धागे, बिया सगळं काढून टाका, फक्त आतला गर घ्या. वेळ लागतो पण पोरांना बसवा ना सोलायला, आमच्याकडे तसंच करतात. चिमूटभर मीठ टाका, मिठानं कडूपणा दबतो. आणि वासासाठी एका संत्र्याची साल वरवर किसून घाला, फक्त नारिंगी भाग, खालचा पांढरा आला की परत कडू. बाजारातल्या फळावर मेण असतं तर आधी कोमट पाण्यानं चोळून धुवा. सध्या मृग बहाराची संत्री येऊन राहिली, गोडीला चांगली आहेत, स्टीव्हियाही कमीच लागेल.

मालवणी_मावशी

माझं म्हणणं जरा वेगळं आहे गो. मी स्वतः वीस वर्षं गोळ्या घेतेय म्हणून सांगते, साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं होत नाही. तुझ्या 600 मिली रसातच संत्र्याची स्वतःची पन्नास-साठ ग्रॅम साखर आहे, आणि गाळलास म्हणजे चोथाही गेला. बाबांना अख्खं संत्रं चालत असेल तर अख्ख्या फळाचंच कर.

वरती सांगितलंय तसे सोललेले गर ताटात सुटे सुटे पसरून गोठव, दगड झाले तरी काही बिघडत नाही. जेवणं झाली की मिक्सरमध्ये टाक, त्यात दोन-तीन चमचे घट्ट चक्का, थांबत थांबत फिरव, मऊ झालं की लगेच वाटीत. मिक्सरनं बर्फाचे कण आत्ताच बारीक केलेत आणि चक्क्यात थोडी स्निग्धता आहे, म्हणून दहा मिनिटं छान मऊ राहतं, आणि त्याला मऊ ठेवायला दुसरं काही लागतच नाही. मिक्सर नको असेल तर रस पसरट थाळ्यात ओत आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं काट्यानं खरवडत राहा, भुरभुरीत बर्फ होतो, इटलीत सिसिलीकडे ग्रानिटा म्हणतात त्याच जातीतला. गणपतीत मी पपनसाचं असंच करते, फार सुंदर लागतं.

ठाण्याची_सुगरण

मावशी, पपनसाचं जरा जपून. ग्रेपफ्रूट काही कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर चालत नाही, औषध रक्तात जास्त साठतं, आणि ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचाच संकर आहे. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच खावं.

पुणेरी_लेक

बाबांना अटोरवास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची गोळी, चालू आहे, म्हणजे पपनस राहू दे. आणि सुगरण ताई, एरिथ्रिटॉलबद्दल वाचलं तर 2023 मध्ये त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवणारा एक अभ्यास आला होता असं दिसलं, त्यामुळेच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे म्हणून मला नकोच वाटतंय.

ठाण्याची_सुगरण

अगं मग अजिबात नको. हे आधी सांगितलं असतंस तर मी सुचवलंच नसतं. मावशींचंच कर.

पुणेरी_लेक

झालं काल! सहा संत्री, भाचरांनी बसून सोलली, गर शनिवारी रात्रीच गोठवले, जेवणानंतर तीन चमचे चक्का, चिमूट मीठ, किसलेली साल आणि स्टीव्हियाचे चारच थेंब घालून मिक्सरला लावलं. पहिल्या फिरवण्यात भांडं अडकलं, दोन चमचे पाणी घातलं तेव्हा फिरलं. कडूपणा जवळजवळ नाहीच. बाबांनी अर्धी वाटी खाल्ली, हळूहळू, आणि म्हणाले की वास अगदी मळ्यात फळ फोडल्यासारखा येतोय. त्या दिवशी त्यांची पोळी एक कमी केली होती आणि दोन तासांनी शुगर बघितली तर नेहमीइतकीच होती. उरलेलं डब्यात ठेवलं ते आज परत दगड झालंय, पण तुकडे करून पुन्हा फिरवलं तर पुन्हा मऊ झालं, चव थोडी उतरली एवढंच. मावशी, मोसंबीचंही असंच होईल का, की त्याचा कडूपणा गर घेऊनही राहतो?

वऱ्हाडी_माणूस

मोसंबीचं होतं, पण सोलल्या सोलल्या गोठवा, रात्रभर नुसतं फ्रिजमध्ये ठेवून मग फ्रीझरला नका टाकू. आणि वरून अर्धं कागदी लिंबू पिळा, मोसंबी एकटी फार सपक लागते.