मदत हवी आहे: ओरॅकलच्या क्वेरी पोस्टग्रेसमध्ये चालतात, पण उत्तर वेगळं येतं

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचा डेटाबेस ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर, म्हणजे पोस्टग्रेस १५ वर, न्यायचं काम चालू आहे. ओराटूपीजी या रूपांतराच्या साधनाने टेबलं आणि बऱ्याचशा क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) बदलून दिल्या. रोनम, डीकोड, अधिक चिन्हाचे जुने आउटर जॉइन अशा ओरॅकलच्या खास लेखनपद्धतींची चिंता नाही. राहून गेलं तर पोस्टग्रेस लगेच एरर देतं. धास्ती आहे ती एरर न देता चुकीचं उत्तर देणाऱ्या क्वेरींची. सभासदांच्या पैशांचा हिशेब आहे हा.

उदाहरणार्थ व्याज. जुन्या क्वेरीत ‘दिवस भागिले ३६५’ कंसात आहे. ओरॅकलमध्ये ९० दिवसांचं उत्तर सुमारे ०.२५ येतं. पोस्टग्रेसमध्ये (तारखांचे कॉलम आम्ही डेटच ठेवलेत, टाइमस्टॅम्प नाही) दोन तारखांची वजाबाकी पूर्णांक देते, आणि पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळतो. म्हणजे ९० दिवसांच्या ठेवीवर व्याज शून्य! ३६५.० लिहिल्यावर हे सुटलं.

अडलंय ते नलपाशी, म्हणजे ‘माहितीच नाही’ अशा खुणेपाशी. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) म्हणजे नलच मानतं आणि नाव जोडताना मधला नल सोडून देतं. पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव जोडलं आणि मधलं नल असलं की अख्खं नाव नल. तिथे कॉनकॅट हे फंक्शन वापरलं की भागतं. पण जुन्या नोंदींत नल आहे आणि नव्या स्क्रीनवरून रिकामी स्ट्रिंग येतेय, त्यामुळे ‘इज नल’ची अट असलेल्या याद्यांतून नवे सभासद सुटतात.

प्रत्येक क्वेरीत नलइफ (रिकाम्या स्ट्रिंगचं नल करून देणारं फंक्शन) घालत बसायचं, की टेबलवर ट्रिगर (नोंद होताना आपोआप चालणारा कोड) लावून रिकामी स्ट्रिंग आत येतानाच नल करायची? आणि असे छुपे फरक तुम्ही कसे पकडता?

प्रतिसाद:

ट्रिगरच लावा. क्वेरी भरपूर असतात, असे कॉलम मोजके. आधी आत आलेल्या रिकाम्या स्ट्रिंग एकदा अपडेट करून नल करा, मग चेक कन्स्ट्रेंटही (रिकामी स्ट्रिंग नाकारणारी अट) घाला, म्हणजे उद्या कुणी ट्रिगर बंद केला तरी कचरा शिरणार नाही.

फरक पकडायला दोन्हीकडे एकाच दिवसाचा डेटा ठेवून प्रत्येक रिपोर्ट सीएसव्हीत काढा, ऑर्डर बाय सारखाच देऊन, आणि डिफ मारा, म्हणजे दोन फायलींतला फरक काढा. वर्षाच्या आतल्या ठेवी, २९ फेब्रुवारी, मधलं नाव नसलेले सभासद त्यात मुद्दाम घ्या.

खातेशीर्षांच्या उतरंडीसाठी ओरॅकलचं कनेक्ट बाय वापरलं असेल तर त्याच्या जागी येणाऱ्या पोस्टग्रेसच्या विथ रिकर्सिव्हमध्ये ओळींचा क्रम आपोआप टिकत नाही. पोस्टग्रेस १४ पासून ‘सर्च डेप्थ फर्स्ट’ आहे, ते लावून त्याने तयार केलेल्या क्रमाच्या कॉलमवर ऑर्डर बाय करा.